लोकलेखा समिती: पैसे बुडाल्याचे कळते, मग वसूल का होत नाहीत? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सरकारी हिशेब तपासणाऱ्या कॅगचा (नियंत्रक व महालेखापरीक्षक) अहवाल येतो, दोन दिवस बातम्या गाजतात आणि मग सगळे थंड होते. त्या थंडाव्यात नेमके काय चालते, हे विचारणाऱ्यांसाठी हे पान आहे. भर संसदेच्या लोकलेखा समितीवर आहे. राज्य विधानमंडळाची समिती जवळपास त्याच साच्यातली असल्याने तिचाही उल्लेख जागोजागी येईल.

लोकलेखा समिती म्हणजे काय?

सरकारने मंजूर पैसा मंजूर कामावरच आणि नीट खर्च केला का, हे तपासणारी खासदारांची समिती. सदस्य २२ असतात, १५ लोकसभेचे आणि ७ राज्यसभेचे. मंत्र्याला सदस्य होता येत नाही. मुदत एक वर्षाची.

भारतात ती १९२१ साली आली. १९५० पर्यंत तिचे अध्यक्षपद सरकारच्या अर्थसदस्याकडेच असे. खर्च करणाराच तपासायला बसलेला. जानेवारी १९५० मध्ये ती खऱ्या अर्थाने संसदेची समिती झाली. १९६७ पासून अध्यक्षपद विरोधी पक्षाकडे जाते आणि तो मान पहिल्यांदा मिनू मसानींना मिळाला. मात्र हा प्रघात आहे, नियम नव्हे. अध्यक्ष कोणाला नेमायचे हे लोकसभाध्यक्ष ठरवतात.

कॅग आणि समिती यांचे काम एकच नाही का?

नाही. कॅग तपासतो आणि लिहितो. संविधानाच्या अनुच्छेद १५१ प्रमाणे त्याचा अहवाल राष्ट्रपतींकडे जातो, तिथून तो दोन्ही सभागृहांच्या पटलावर ठेवला जातो आणि मगच समितीकडे येतो. समिती त्यातले मोजके परिच्छेद, म्हणजे एकेक आक्षेपाचे भाग, निवडते, संबंधित सचिवांना समोर बसवते, प्रश्न विचारते आणि आपला अहवाल सभागृहाला देते. बैठकीत कॅग समितीच्या मदतीला असतो. कोणता आकडा कुठून आला, सचिवांच्या उत्तरात कुठे पाणी मुरते आहे, हे त्याचे अधिकारी सदस्यांना आधीच सांगून ठेवतात.

निवडले न गेलेले परिच्छेद वाऱ्यावर सुटत नाहीत, निदान कागदोपत्री तरी नाही. त्यांच्यावरही मंत्रालयाला चार महिन्यांत लेखी उत्तर द्यावे लागते.

समिती कोणाला शिक्षा करू शकते का? पैसे वसूल करू शकते का?

दोन्ही नाही. निलंबन नाही, दंड नाही, वसुली नाही, गुन्हा दाखल करणे नाही. ती फक्त शिफारस करते, आणि शिफारस सरकारवर बंधनकारक नसते.

पण साक्षीला बोलावले तर यावेच लागते ना?

सहसा येतात. सचिव दर्जाचा अधिकारी समितीला टाळत नाही. बैठकीच्या आदल्या रात्री उशिरापर्यंत नस्त्या (फायली) चाळून, पाच-सहा सहकाऱ्यांचा ताफा घेऊन तो हजर होतो. व्यक्ती, कागद आणि नोंदी मागवण्याचा अधिकार लोकसभेच्या नियम २७० ने समितीला दिलेला आहे.

मेख त्याच नियमाच्या परंतुकात, म्हणजे त्याला जोडलेल्या अपवादात, आहे. एखादा साक्षीदार किंवा कागद समितीच्या कामाशी संबंधित आहे की नाही यावर वाद झाला, तर निर्णय लोकसभाध्यक्ष देतात आणि तो अंतिम असतो. शिवाय कागद उघड केल्याने राज्याच्या सुरक्षेला किंवा हिताला बाध येईल, असे म्हणून सरकार तो देणे नाकारू शकते. सुरक्षेचे समजू शकते, पण ‘हित’ या कप्प्यात काय बसत नाही? कारगिल युद्धाच्या वेळच्या संरक्षण खरेदीची तपासणी समिती करत होती, तेव्हा केंद्रीय दक्षता आयोगाचा अहवाल तिला देण्यास संरक्षण मंत्रालयाने नकार दिला होता. ज्या कागदावर तपासणी उभी राहायची, तोच मिळाला नाही.

अलीकडचे उदाहरण ऑक्टोबर २०२४ चे. शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीच्या तत्कालीन अध्यक्ष बैठकीला येऊ शकत नसल्याचे आयत्या वेळी कळले आणि समितीचे अध्यक्ष के. सी. वेणुगोपाल यांना बैठक पुढे ढकलावी लागली. हा विषय समितीने स्वतःहून घ्यावा का, यावर सत्ताधारी सदस्यांनी आक्षेप घेतला तो वेगळाच.

मंत्र्यांना का बोलावत नाहीत?

आर्थिक समित्यांपुढे मंत्र्याला साक्षीला बोलवायचे नाही, अशी पद्धत आहे. हिशेबाची जबाबदारी सचिवांची आणि धोरणाची मंत्र्यांची, ही त्यामागची मांडणी. मंत्री थेट सभागृहाला उत्तर देतात, असेही म्हटले जाते.

प्रत्यक्षात मोठे निर्णय या दोघांच्या मधल्या जागेत होतात. मंत्र्यांनी तोंडी सांगितलेले असते, नस्तीवर सही सचिवांची असते आणि समितीपुढे सचिव सांगतात की हा धोरणात्मक निर्णय होता. धोरण कितपत शहाणपणाचे, हे समितीने विचारायचे नसते. प्रश्न तिथेच संपतो. टू-जी, म्हणजे दूरसंचार परवान्यांच्या वाटपाच्या, प्रकरणात डिसेंबर २०१० मध्ये पंतप्रधान मनमोहन सिंग यांनी समितीपुढे येण्याची तयारी पत्राने कळवली होती. तसे घडले नाही.

खोटे बोलणाऱ्यावर किंवा न येणाऱ्यावर हक्कभंग आणता येत नाही का?

येतो. पण समिती तो स्वतः चालवू शकत नाही. तिने लोकसभाध्यक्षांकडे जायचे, त्यांनी हक्कभंग समितीकडे किंवा सभागृहाकडे पाठवायचे आणि शिक्षा सभागृहाने बहुमताने द्यायची. बहुमत अर्थातच सरकारचे.

सभागृहाला हा अधिकार वापरताच येत नाही, असे मात्र नाही. ३ मार्च २०२३ रोजी उत्तर प्रदेश विधानसभेचे न्यायालयात रूपांतर झाले आणि सहा पोलिसांना त्या रात्री बारापर्यंत कोठडीत ठेवण्याची शिक्षा दिली गेली. प्रकरण २००४ सालचे, कानपूरमध्ये आमदारावर झालेल्या लाठीमाराचे. म्हणजे एकोणीस वर्षांनीही सभागृहाला आपला मान आठवतो. जनतेच्या पैशाबाबत समितीला चुकीची माहिती दिली म्हणून सचिवाला कोठडीत बसवल्याचे माझ्या तरी वाचनात नाही.

समितीने शिफारस केली. पुढे त्या कागदाचे काय होते?

खरी गंमत इथे आहे, म्हणून थोडे सविस्तर.

समितीचा अहवाल संसदेत सादर झाला की मंत्रालयाला सहा महिन्यांत केलेल्या कार्यवाहीचे टिपण द्यायचे असते. समजा समितीने लिहिले की अमुक यंत्रसामग्री गरज नसताना खरेदी झाली, जबाबदारी निश्चित करून कारवाई करावी. हा परिच्छेद आधी कक्ष अधिकाऱ्याच्या टेबलावर येतो. तो जुनी नस्ती मागवतो. ती खालच्या कार्यालयात असते, तेथून उत्तर येईपर्यंत दोन स्मरणपत्रे जातात. मसुदा अवर सचिवांकडून सहसचिवांकडे चढतो, वित्तीय सल्लागार त्यावर नजर टाकतात, लेखापरीक्षा विभाग आकडे पडताळतो आणि मतभेद असले तर मसुदा परत खाली उतरतो. सहा महिने कधीच उलटलेले असतात. मुदतवाढ मागितली जाते, ती मिळतेही.

शेवटी जे उत्तर येते त्याचा साचा मंत्रालयात वावरलेल्या कोणालाही पाठ असेल: ‘समितीच्या शिफारशीची नोंद घेण्यात आली आहे. सर्व संबंधितांना भविष्यात दक्षता घेण्याच्या सूचना निर्गमित करण्यात आल्या आहेत.’ या उत्तरात खोटे काहीच नाही. परिपत्रक खरेच निघालेले असते. जबाबदारी कोणाची, हा मूळ प्रश्न तेवढा उत्तरातून गळालेला असतो.

मग समिती या उत्तरावर दुसरा अहवाल काढते. पटले ते बाजूला ठेवते, पटले नाही तिथे शिफारस पुन्हा ठासून मांडते. मंत्रालय पुन्हा उत्तर देते. पण एव्हाना वर्ष संपून समिती बदललेली असते. नव्या सदस्यांना नवे विषय हवे असतात आणि जुन्या यंत्रसामग्रीत कोणाला रस उरत नाही.

राज्याच्या पातळीवर हीच गाडी ‘स्पष्टीकरणात्मक ज्ञापने’ या नावाने चालते आणि तशीच रखडते.

म्हणजे सगळ्या शिफारशी वायाच जातात?

असे म्हणणे अन्यायाचे होईल. बऱ्याच शिफारशी मान्य होतात. फक्त कोणत्या मान्य होतात ते पाहावे. निविदेची पद्धत बदला, संगणकीकरण करा, नियमावली सुधारा, अशा शिफारशी सहज स्वीकारल्या जातात आणि त्यातून कारभार खरोखर सुधारतोही. अमुक माणसावर कारवाई करा, अमुक रक्कम वसूल करा, अशा शिफारशी अडकतात. समितीचा धाकही खोटा नाही. ‘हे उद्या ऑडिटमध्ये येईल’ असा शेरा नस्तीवर पडला की बरेच गैरव्यवहार जन्माआधीच थांबतात. त्यांची नोंद मात्र कुठेच होत नाही.

अधिकारी सापडतो, तरी कारवाई का होत नाही?

तो निवृत्त झालेला असतो म्हणून. हे उपरोधाने लिहीत नाही, नियमच तसा आहे.

केंद्राच्या निवृत्तिवेतन नियमांनुसार निवृत्त कर्मचाऱ्यावर नवी विभागीय चौकशी सुरू करायची, तर घटना चौकशी सुरू होण्याआधीच्या चार वर्षांतली असावी लागते. महाराष्ट्रात १९८२ च्या निवृत्तिवेतन नियमांतला नियम २७ हेच सांगतो. आता कालक्रम लावून पाहा. समजा खरेदी २०१० मध्ये झाली. लेखापरीक्षा पथक २०१२ मध्ये पोहोचले, कॅगचा अहवाल २०१४ मध्ये पटलावर आला, समितीने विषय २०१५ मध्ये निवडला आणि तिचा अहवाल २०१७ मध्ये आला. ही काही फार संथ गती नाही, सरकारी कामात बरी म्हणावी अशी आहे. सही करणारा अधिकारी २०१३ मध्ये निवृत्त झाला असेल, तर समितीने शिफारस केली तेव्हा घटनेला सात वर्षे झालेली आणि चौकशीची खिडकी २०१४ मध्येच बंद झालेली. त्यामुळे ‘नियमानुसार कारवाई करणे शक्य नाही’ हे मंत्रालयाचे उत्तर अगदी कायदेशीर असते.

निवृत्तीच्या आधी चौकशी सुरू झाली असेल तर ती पुढे चालू शकते. म्हणजे समितीने डोळे वटारण्यापेक्षा विभागाने कॅगचा प्राथमिक आक्षेप येताच हलणे महत्त्वाचे. विभाग तेव्हा का हलत नाही? कारण आक्षेप हा अजून ‘आक्षेपच’ असतो, अंतिम परिच्छेद नव्हे. अंतिम झाला की तो समितीपुढे आहे म्हणून थांबायचे, आणि समितीने लिहिले की मुदत गेली म्हणून थांबायचे. या यंत्रणेला दात नाहीत अशी तक्रार नेहमी होते. माझ्या मते दातांपेक्षा घड्याळाची उणीव मोठी आहे.

मंजुरीपेक्षा जास्त खर्च झाला तर?

तो बेकायदा ठरू नये म्हणून अनुच्छेद ११५ मध्ये सोय आहे. समिती कारणे तपासते, नाराजी नोंदवते आणि जादा खर्च नियमित करावा अशी शिफारस करते. मग संसद मागाहून त्याला मंजुरी देते. दुसरा पर्यायही नाही, पैसा गेलेला असतो. दरवर्षी समिती लिहिते की अर्थसंकल्पी अंदाज काळजीपूर्वक करावेत, आणि दरवर्षी कुठल्या ना कुठल्या मागणीत (मंत्रालयाने संसदेकडे मागितलेल्या रकमेत) जादा खर्च निघतो.

उलट बाजूही आहे. एखाद्या मागणीत १०० कोटी रुपये किंवा त्याहून जास्त रक्कम शिल्लक राहिली, तर मंत्रालयाला त्याचे स्पष्टीकरण समितीला द्यावे लागते. ३१ मार्चच्या आधीची धावपळ याच भीतीतून येते. म्हणजे नियंत्रणाचा हा एक धाक वाईट खर्चाला निमंत्रणही देतो.

मुळात खर्च मंजूर करताना संसद नीट पाहते का?

फारसे नाही. वेळ संपला की उरलेल्या सगळ्या मागण्या चर्चेविना एकदम मताला टाकतात, त्याला गिलोटिन म्हणतात. २०१८ आणि २०२३ मध्ये तर लोकसभेने संपूर्ण खर्च असाच मंजूर केला. आधी न पाहता दिलेला पैसा नंतर एका समितीने डोळ्यांत तेल घालून तपासावा, ही अपेक्षा जरा जास्तच आहे.

समितीतच राजकारण होत नाही का?

होते. प्रघात असा आहे की अहवाल एकमताने निघावा, आणि भिन्नमतपत्रिका जोडण्याची सोय या समितीच्या अहवालात नाही. विषय साधा असला की हे छान जमते. धान्याच्या गोदामात गळती झाली तर सगळ्या पक्षांचे सदस्य एकजुटीने सचिवांना घाम फोडतात.

विषय सरकारच्या जिव्हारी लागणारा असला की चित्र पालटते. एप्रिल २०११ मध्ये अध्यक्ष मुरली मनोहर जोशी यांनी टू-जीवरचा मसुदा मांडला, तेव्हा २१ पैकी ११ सदस्य विरोधात गेले. जोशी बैठकीतून निघून गेले आणि मागे राहिलेल्यांनी सैफुद्दीन सोज यांना अध्यक्ष निवडून मसुदा फेटाळला. जोशींनी अहवाल लोकसभाध्यक्ष मीरा कुमार यांना दिला, त्यांनी तो समितीकडे परत पाठवला.

आणि एकमत असले तरी सरकार ऐकतेच असे नाही. १९४८ च्या जीप खरेदीचे जुने प्रकरण आहे, सुमारे ८० लाख रुपयांच्या कराराचे, ज्यात ब्रिटनमधले उच्चायुक्त कृष्ण मेनन यांच्यावर बोट होते. समितीने न्यायालयीन चौकशी मागितली. १९५५ मध्ये गृहमंत्री गोविंद वल्लभ पंत यांनी सरकारपुरता हा विषय संपल्याचे जाहीर केले आणि १९५६ मध्ये मेनन केंद्रात मंत्री झाले. पक्ष बदलले, सरकारे बदलली, ही सवय फारशी बदललेली नाही.

कॅगचा अहवालच सरकारने दाबून ठेवला तर?

तर समितीचे हात बांधलेले. अहवाल पटलावर ठेवावा असे अनुच्छेद १५१ सांगतो, किती दिवसांत ते सांगत नाही. दिल्लीत कॅगचे अनेक अहवाल दीर्घकाळ विधानसभेपुढे आले नाहीत. जानेवारी २०२५ मध्ये उच्च न्यायालयाने दिरंगाईवर ताशेरे ओढले, आणि मद्य धोरणावरचा अहवाल सरकार बदलल्यावर २५ फेब्रुवारी २०२५ रोजी मांडला गेला.

अहवालाचा हा प्रवास भल्याभल्यांना गोंधळात टाकतो. राफेल लढाऊ विमानांच्या खरेदीच्या प्रकरणात डिसेंबर २०१८ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने लिहिले की कॅगचा अहवाल लोकलेखा समितीने तपासला आहे. समितीचे अध्यक्ष मल्लिकार्जुन खर्गे यांनी असा अहवाल पाहिलाच नसल्याचे सांगितले. आपल्या बंद लिफाफ्यातल्या टिपणाचा अर्थ चुकीचा लावला गेला, असे सांगत सरकारला दुरुस्तीसाठी अर्ज करावा लागला. कॅगचा अहवाल संसदेत आला तो फेब्रुवारी २०१९ मध्ये.

न्यायालय समितीच्या अहवालावरून निकाल देऊ शकते का?

अहवालाचा आधार घेऊ शकते, त्याची वैधता तपासू शकत नाही. २०१८ मध्ये कल्पना मेहता खटल्यात घटनापीठाने हे स्पष्ट केले. प्रत्यक्षात जोरदार परिणाम झाला तो न्यायालयाच्या मार्गानेच: २०१२ मध्ये १२२ दूरसंचार परवाने आणि २०१४ मध्ये २०४ कोळसा खाणपट्टे रद्द झाले. समितीला हे कधीच जमले नसते. पण टू-जीच्या फौजदारी खटल्यात डिसेंबर २०१७ मध्ये सगळे आरोपी सुटले, हेही लक्षात ठेवावे. लेखापरीक्षणातला तोटा आणि न्यायालयात सिद्ध होणारा गुन्हा यांत मोठे अंतर असते.

इतर देशांत काय आहे?

ब्रिटनमध्ये ही समिती १८६१ पासून आहे आणि तिलाही शिक्षेचा अधिकार नाही. फरक असा की तिच्या साक्षी खुल्या असतात. नोव्हेंबर २०१२ मध्ये मार्गारेट हॉज यांच्या समितीने गूगल, अ‍ॅमेझॉन आणि स्टारबक्सच्या प्रतिनिधींना कराबद्दल असे काही धारेवर धरले की ते देशभर गाजले. आपल्या समितीच्या साक्षी बंद दाराआड होतात. अधिकारी मोकळेपणी बोलावेत म्हणून, असे सांगितले जाते.

दक्षिण आफ्रिकेने वेगळी वाट धरली. २०१८ च्या कायदादुरुस्तीने तिथल्या महालेखापरीक्षकालाच बंधनकारक उपाय सांगण्याचा अधिकार दिला. तेवढ्याने न भागल्यास नुकसानीची रक्कम जबाबदार अधिकाऱ्याच्या नावावर देणे म्हणून लावता येते. तपासणाऱ्याच्या हातीच वसुली देणे मला धोक्याचे वाटते, पण तो धाक केवळ परिपत्रकाने येणार नाही हेही खरे.

मग बदलायचे काय?

समितीला पोलिसी अधिकार द्या, असे मी म्हणणार नाही. बहुमताची समिती उद्या तेच अधिकार विरोधकांवर चालवेल. त्याआधी साध्या गोष्टी व्हाव्यात. कॅगचा अहवाल मांडायला कायद्याने मुदत हवी. समितीची मुदत एका वर्षाऐवजी लोकसभेएवढी हवी. मंत्रालयाने फेटाळलेल्या शिफारशींवर सभागृहात दरवर्षी दोन दिवस चर्चा हवी, कारण तिथे मंत्र्यालाच उभे राहावे लागते. आणि कॅगच्या पहिल्या आक्षेपापासून ठरावीक महिन्यांत विभागाने प्राथमिक चौकशी सुरू करावी, म्हणजे ती चार वर्षांची पळवाट बुजेल. यातल्या एकाही गोष्टीसाठी घटनादुरुस्ती लागत नाही.

हे अहवाल मला वाचायला मिळतील का?

हो. कॅगचे अहवाल कॅगच्या संकेतस्थळावर आणि समितीचे संसदेच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात. मूळ अहवालापेक्षा कार्यवाहीवरचा अहवाल आधी उघडा आणि थेट चौथ्या प्रकरणावर जा. समितीला न पटलेली उत्तरे तिथे असतात: वर शिफारस, मग मंत्रालयाचे उत्तर, मग समितीचा शेरा. वाद नेमका कुठे अडला आहे ते अर्ध्या तासात कळते.

तुमच्या भागातल्या एखाद्या कामाबद्दल परिच्छेद असेल, तर विभागाने त्यावर काय उत्तर दिले ते माहिती अधिकारात मागता येते. अर्जात अहवालाचे वर्ष, क्रमांक आणि परिच्छेदाचा आकडा नक्की लिहा. नुसते ‘कॅगच्या आक्षेपाबाबत’ असे लिहिलेत, तर माहिती मोघम मागितली आहे असे सांगून अर्ज निकाली काढतात.